उंचीपेक्षा लांब हात

त्या दिवशी माझ्या यादीत पाच कामं होती. बँकेत केवायसी, शाळेच्या मुलींच्या बुटांची ऑर्डर, चष्म्याचा नंबर, गौरीच्या बॅगेची चेन आणि भाजी. पहिली दोन उरकली होती. तिसऱ्यावर जी अडकले ती आजपर्यंत पुरती सुटलेली नाही.

मी बारामतीच्या एका शाळेत खेळ शिकवते. त्याआधी बरीच वर्षं बास्केटबॉल खेळले, त्यातली काही भारताच्या संघातून. उंची सहा फूट एक इंच. आजारपण म्हणजे घोटा मुरगळणं, एवढीच माझी समजूत होती. ज्यांना असंच एखादं साधं काम करता करता मोठं काहीतरी कळलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते. औषधांची माहिती डॉक्टरांना विचारा. मला फक्त भीतीबद्दल थोडं सांगता येईल.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. थेंब घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं. डोळ्यातलं भिंग जागेवरून जरा सरकलंय म्हणाल्या. मग दिवा लावला आणि डोळे सोडून माझे हातच बघायला लागल्या.

"मॅडम, उजव्या हाताने डावं मनगट धरा. अंगठा आणि करंगळीने."

धरलं. करंगळी अंगठ्यावर चढून वर बरीच उरली.

"घरात सगळेच उंच आहेत का?"

"वडील होते. मुलगी आहे."

"वडील कशाने गेले?"

"शेतात गेले. मी आठवीत होते. ऊन लागलं म्हणाले सगळे."

त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात दोन्हीकडे पसरायला लावले आणि टेप काढला. मला हसू आलं. मी म्हटलं, "डॉक्टर, याच मापावर माझी निवड झाली होती."

त्या हसल्या नाहीत.

सरांचा टेप

आमचं गाव लासुर्णे. जवळच कारखान्याची वसाहत, आणि वसाहतीत सिमेंटचं कोर्ट. सातवीत असताना तिथल्या सरांनी मला रस्त्यात अडवून भिंतीला उभं केलं आणि पसरलेल्या हातांना टेप लावला. पोरींचा हातांचा पल्ला उंचीएवढाच असतो, माझा त्याहून चांगला चार बोटं जास्त भरला. सर ओरडलेच, "अगं, तुझे हात तुझ्यापेक्षा लांब आहेत! उद्यापासून यायचं."

आबा, माझे वडील, गावात सगळ्यात उंच. ट्रॉलीत ऊस भरताना त्यांना शिडी लागत नसे. ते सरांना म्हणाले, "खेळू द्या की. तिच्या हाताला रिंग लागतीया, आमच्या हाताला ऊस. देवानं दिलंय ते वापरायचं."

मी वापरलं. सेंटरच्या जागेवर खेळले. समोर माझ्याहून वीतभर उंच परदेशी मुली असायच्या, पण चेंडूपर्यंत माझा हात आधी जायचा. जर्सी पहिल्यांदा अंगात घातली तेव्हा ती आखूड झाली होती आणि मी दोन्ही हातांनी ती खाली ओढत राष्ट्रगीताला उभी राहिले होते. शेवटच्या वर्षात सामना संपल्यावर छातीत धपधप व्हायची. वय झालं असं वाटलं. थांबले.

पुढे शाळेत मुली निवडायची वेळ आली तेव्हा मीही टेपच काढला. हातांचा पल्ला पहिला, बाकी सगळं नंतर. गौरी, माझी मुलगी, त्याच टेपखालून गेली. तिचा पल्ला पाहून मी सरांसारखीच ओरडले होते.

नळी

दुसऱ्या दिवशी छातीची सोनोग्राफी झाली. हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. हृदयातून निघणारी मुख्य नळी, आणि तिला बुडाशी आलेला फुगा. या आजाराचं नाव मार्फान. जन्मापासून असतो, आईबापांकडून मुलांत उतरतो. हाडं लांब, सांधे सैल, डोळे अधू आणि ही नळी कच्ची.

"एवढी वर्षं तुम्ही खेळलात?" त्यांनी विचारलं.

"भारताकडून," माझे पती सुधीर म्हणाले. सवयीने. कुठेही कौतुकाचा विषय निघाला की ते हेच सांगतात.

डॉक्टर म्हणाले, "नशीब मोठं आहे." आणि पेन ठेवून विचारलं, "मुलीची तपासणी कधी करायची?"

इथे मला पहिल्यांदा भीती वाटली. माझी नळी फुगलीय हे ऐकून मी फक्त 'पुण्याचं हॉस्पिटल, सुट्टीचा अर्ज, विमा' अशी मनात यादी केली होती. मुलीचं म्हटल्यावर यादीच थांबली. त्या खोलीतल्या कॅलेंडरवर कसलं चित्र होतं ते मला अजून आठवतं. डॉक्टर त्यानंतर काय बोलले ते आठवत नाही.

गौरी एकोणीस वर्षांची. भारताच्या महिला संघाच्या शिबिरासाठी तिचं नाव नुकतंच यादीत आलं होतं. बॅगेची चेन त्यासाठीच दुरुस्त करायची होती.

फ्लेक्स

आईला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लासुर्ण्याला गेलो. आमच्याकडे कुणी तलाठी झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो. माझा धाकटा भाऊ दत्ता याबाबतीत सगळ्यांच्या पुढे. यादी आली त्याच संध्याकाळी त्याने इंदापूरहून फ्लेक्स छापून आणला होता. वरच्या ओळीत पुढाऱ्यांचे गोल फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून दत्ता आणि त्याचे काळे चष्मे घातलेले मित्र. मधोमध चेंडू घेतलेली गौरी, शेजारी जुन्या जर्सीतली मी. आणि लाल अक्षरांत: 'जशी आई तशी लेक, लासुर्ण्याची शान एक.'

सुधीरनी गाडीचा वेग कमी केला. त्यांना वाटलं मला बघायचं असेल. मी म्हटलं, "अहो, चला पुढे."

आई दारातल्या ओट्यावरच बसली होती. ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल.

"म्हंजी त्यांचंबी ह्येच व्हतं व्हय गं?"

"तसंच असणार आई. आता नक्की कुणाला सांगता येणार?"

"त्या दिशी मी भाकरी उशिरा न्हेली व्हती," आई म्हणाली. "पानी बी तवाच न्हेलं. मला वाटायचं, उन्हात उपाशी ऱ्हायले म्हनून..." तिने पदराने नाक पुसलं. इतकी वर्षं ती हे वागवत होती आणि आम्हा दोघा भावंडांना पत्ता नव्हता.

"भाकरीनं न्हवतं म्हन की."

"नव्हतं, आई."

माझ्या आजारपणात कुणाचं तरी भलं झालं असेल तर ते पहिल्यांदा त्या ओट्यावर.

दत्ताला म्हटलं, तुझीही तपासणी करायची. तो म्हणाला, "आक्का, माझ्याकडं बघ. मी हाय साडेपाच फूट. देवानं मला आधीच टीममदनं काडलंय." पण गेला, आणि त्याचं सगळं ठीक निघालं.

गौरी

गौरीचं ठीक नव्हतं. फुगा माझ्यापेक्षा लहान. ऑपरेशन आता नको, गोळ्या रोज, सहा महिन्यांनी तपासणी. आणि सामने बंद. धावपळ, उड्या, धक्काबुक्की, सगळं. डॉक्टरांनी आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. एकटीने उभं राहून बास्केट टाकायला हरकत नाही, असंही म्हणाले. त्यांना वाटलं ते काहीतरी देतायत.

गाडीत बसून तिने दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "तू खेळलीस."

"मला माहीत नव्हतं."

"तेच म्हणतेय मी. तुला कुणी सांगितलं नाही म्हणून तू खेळलीस. मला कळलं म्हणून मी घरी बसायचं. हा कुठला न्याय?"

याला माझ्याकडे आजही तयार उत्तर नाही. तुमच्या घरात असा प्रश्न आला तर लगेच काहीतरी बोलून टाकू नका, एवढंच सांगते.

रात्रीचं जेवण कुणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी दत्ता आला आणि स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाला, "आक्का, एकदा जाऊ दे तिला. इंडियाची जर्सी अंगात पडू दे, मग करू काय करायचं ती. फिटनेसचं सर्टिफिकेट मी आणतो की. आपला वळखीचा डॉक्टर हाय."

"दत्ता, आबा कुठे पडले ते आठवतंय?"

"आठवतंय की."

"मग?"

"मग... लोकं रोज इचारत्यात गं. कवा निघनार म्हनून."

तो वाईट नाही. तिला घोड्यावर बसवून मिरवायचं त्याचं स्वप्न होतं. पण भिंतीपलीकडे गौरी होती आणि सर्टिफिकेट मिळतं हे तिने ऐकलं. तिने बॅग रिकामी केली नाही. रेल्वेचं तिकीटही रद्द केलं नाही.

सुधीरना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, "ती सज्ञान आहे, विद्या. बांधून ठेवू का?" त्यांचा ठिबक सिंचनाच्या पाइपांचा धंदा आहे. कुठे गळती आहे ते नुसत्या हाताने ओळखतात. त्या आठवड्यात दुकानात त्यांनी दोनदा चुकीचा माल दिला.

पुणे

माझी ऑपरेशनची तारीख आली, ती नेमकी गौरीच्या गाडीची तारीख. मी सर्जनना म्हटलं, आठवडाभर पुढे ढकला. मला घरी एक काम आहे. ते म्हणाले, "ढकला. पण त्या आठवड्याची हमी मी देणार नाही." मी त्याच तारखेच्या कागदावर सही केली.

आदल्या दिवशी मी सुधीरना यादी दिली. गॅस सिलिंडर, दूधवाला, विम्याचा माणूस, एटीएमचा पिन, शाळेतल्या कपाटाची किल्ली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि विचारलं, "आणि तू नाही आलीस तर? ते कुठल्या नंबरवर आहे?"

मी म्हटलं, "ते लिहिता आलं नाही."

मरणाची भीती कशी असते ते मला आधी माहीत नव्हतं. सामन्याआधी पोटात गोळा येतो तशी असेल असं वाटायचं. तशी नसते. तो गोळा शिट्टी वाजली की विरघळतो. ही भीती प्रत्येक साध्या गोष्टीत शिरते. नर्सने बांगड्या काढायला सांगितल्या, भीती. छातीवर पेनाने रेघ ओढली, भीती. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा केळं सोलत होता, ते बघूनही भीती, कारण मला वाटलं मी शेवटचं केळं कधी खाल्लं ते आठवत नाही. यातली एकही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सांगायला हवी होती.

खाट मला आखूड होती. पाय बाहेर लोंबत होते. तिथल्या एका मावशी आल्या, न बोलता स्टूल लावलं, त्यावर घडी घातलेलं ब्लँकेट ठेवलं आणि माझे पाय उचलून त्यावर ठेवले. "एवढी लांब बाई पहिल्यांदाच आली आमच्याकडं," म्हणाल्या. मी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. त्यांनीही ओढून घेतला नाही.

सकाळी आत नेताना दारापाशी सुधीर होते, दत्ता होता. गौरी नव्हती.

मी सुधीरकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्याचा अर्थ 'माहीत नाही' की 'नको विचारू', ते कळायच्या आत ट्रॉली वळली. भूल चढेपर्यंत मला माझ्या छातीचं काही वाटलं नाही. डोळ्यांसमोर फक्त एक कोर्ट होतं आणि त्यावर उडी मारायला वाकलेली माझी मुलगी.

स्टूल

शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती. बोलता येत नव्हतं. छातीवर कुणीतरी दगडी पाटा ठेवल्यासारखं वजन. आणि एक आवाज येत होता, टिक टिक, अगदी जवळून. घड्याळ शोधायला डोळे फिरवले. भिंतीवरचं घड्याळ लांब होतं. आवाज माझ्या आतून येत होता. हृदयाच्या नळीबरोबर झडपही बदलली होती, नवी धातूची.

पायांपाशी कुणीतरी उभं होतं. खूप उंच. चष्मा नव्हता, चेहरा दिसत नव्हता. आधी मला आबाच वाटले, आणि मी मेले असं वाटून घाबरले. मग त्या व्यक्तीने वाकून माझ्या पायाखालचं स्टूल थोडं पुढे सरकवलं. टाचा नीट टेकल्या.

स्वतःला आखूड खाटेवर झोपायची सवय असलेल्या माणसालाच ते सुचतं.

मला विचारता येईना. रडता येईना, छाती दुखत होती. मी फक्त पायाची बोटं हलवली. तिने ती मुठीत धरली.

पुढे वॉर्डात आल्यावर गौरी म्हणाली, "लगेच खूश होऊ नकोस. स्टेशनपर्यंत गेले होते. गाडी समोरून गेली. मी तुझ्यासाठी थांबले. खेळ सोडलाय असं म्हटलेलं नाही."

"बरं."

"पुढच्या शिबिराला जाईन कदाचित."

"बरं."

"नुसतं बरं काय म्हणतेस?"

"खोकला आला की बोलता येत नाही गं," मी म्हटलं. तिने उशी माझ्या छातीवर दाबून धरली. खोकताना उशी कवटाळायची हे तिथे सगळ्यांना शिकवतात. कुणीतरी दुसऱ्याने धरली तर कमी दुखतं, हे मी माझ्याकडून सांगते.

त्या वॉर्डातले दिवस सारखेच होते. पहाटे रक्त, मग चहा, मग श्वास ओढून गोळे वर चढवायचं ते प्लॅस्टिकचं खेळणं, मग कॉरिडॉरमध्ये चालणं. गौरी शेजारून चालायची आणि मी तिची पावलं मोठी पडली की कुरकुर करायची. पहिल्यांदाच मी तिच्यामागे पडत होते. एकदा दुपारी शांतता होती. ती माझ्या उशाशी बसून मोबाइल बघत होती, शिबिरातल्या मुलींनी टाकलेले फोटो. अचानक तिने मोबाइल पालथा ठेवला.

"आई, हा आवाज तुला सतत येतो?"

"शांत असलं की येतो."

तिने कान माझ्या खांद्याशी आणला आणि ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुला तेव्हा सरांनी सांगितलं असतं, तर थांबली असतीस?"

खोटं बोलायचं असतं तर तीच वेळ होती.

"नसते थांबले," मी म्हटलं. "लपवलं असतं. आबांनाही सांगितलं नसतं."

"मग मला का म्हणतेस?"

"कारण मी नशिबाने वाचले. तू तशी वाचावीस यावर माझा भरवसा नाही. मला भीती वाटते गौरी, बाकी माझ्याकडे काही कारण नाही."

तिचा कान तिथेच होता.

कडबा

घरी सोडायच्या आदल्या दिवशी दत्ताचा फोन आला. माझे हात अजून वर उचलत नव्हते, म्हणून गौरीने फोन स्पीकरवर ठेवला.

"आक्का, बरी हायस का? जेवती का न्हाय?"

"जेवते. तुझं काय?"

"न्हाय, म्हंजी..." दत्ता अडखळला. "फ्लेक्सचं इचारायचं व्हतं. चौकात दुसऱ्याला वाढदिवसाचा लावायचाय म्हनत्यात. मी म्हनलं, आमच्या पोरीचं अजून ठरायचंय. काय सांगू त्यास्नी?"

मी गौरीकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं. टिक टिक जोरात ऐकू यायला लागली. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जात असेल असं वाटलं.

"मामा," गौरी म्हणाली, "उतरव."

पलीकडून नुसतं 'आं?' आलं.

"ऐकतोयस ना? उतरव. पण फाडू नकोस. चांगला जाड आहे. कडब्यावर झाकायला टाक."

"बरं गं बाय," दत्ता म्हणाला. मोठा, मिशाळ माणूस, पण आवाज पार बसला होता. "टाकतो."

फोन ठेवून ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. मी हाक मारली नाही.

आता मी पुन्हा शाळेत जाते. रक्त पातळ ठेवायची गोळी ठरल्या वेळी, रक्ताची तपासणी ठरल्या तारखेला. टेप अजून माझ्या पिशवीत आहे. मुलीचा पल्ला उंचीपेक्षा फार भरला की मी ओरडत नाही. तिच्या आईवडिलांना बोलावून घेते आणि छातीची सोनोग्राफी करून या म्हणते. काहींना राग येतो. एका मुलीचे वडील म्हणाले, "मॅडम, पोरीला कोर्टावर पाठवलं, दवाखान्यात न्हाय." मी त्यांना माझ्या जवळ उभं केलं आणि आवाज ऐकवला. ते मुलीला घेऊन तपासणीला गेले.

गौरी संध्याकाळी माझ्या मुलींना शिकवायला येते. एकटी असली की फ्री थ्रो टाकते. चेंडू परत द्यायला मी रिंगखाली उभी राहते. कधी कधी ती पाय उचलून धावेल असं वाटतं आणि माझा जीव वरखाली होतो. गेल्या वेळच्या तपासणीत तिची नळी होती तेवढीच होती. पुढची तारीख फ्रिजवर लावली आहे. ती जवळ आली की आम्ही दोघी एकमेकींशी उगाच भांडतो.

मागच्या महिन्यात लासुर्ण्याला गेलो होतो. गोठ्यामागे कडब्याची गंज, आणि तिच्यावर तो फ्लेक्स पसरलेला. पुढाऱ्यांचे चेहरे दुमडून खाली गेले होते. वर आम्ही दोघी होतो, उन्हाने फिक्या झालेल्या. मी जर्सीतली, ती चेंडू घेतलेली. वारा सुटला होता आणि एक कोपरा फडफडत होता.

मला वाटलं ती तिकडे बघणार नाही. ती गेली, खाली पडलेला दगड उचलला आणि त्या कोपऱ्यावर नीट दाबून ठेवला.

"भिजायला नको आत," म्हणाली, आणि आजीनं हाक मारली म्हणून चहाला गेली.